मधुमेह नसला तरी रक्तातील साखर हृदयाच्या धमन्यांना का महत्त्वाची?

नमस्कार. आजच्या विषयासाठी मी रक्ततपासणीचा एक नमुना अहवाल समोर ठेवला आहे. उपाशीपोटी साखर १०८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ५.९ टक्के. असा कागद हाती आला की बहुतेक जण डॉक्टरांना एवढेच विचारतात, ‘मधुमेह नाही ना?’ नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडतो आणि कागद फायलीत जातो. मला याच कागदाबद्दल बोलायचे आहे, कारण मधुमेह नाही म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना साखरेच्या बाजूने काहीच धोका नाही, असा अर्थ आपण मनाने लावून घेतो, आणि तो अर्थ बरोबर नाही.

मधुमेहाची रेषा कुठून आली, ते आधी पाहू. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक, ही आजची व्याख्या आहे. १९९७ पर्यंत उपाशीपोटीचा आकडा १४० होता. त्या वर्षी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने तो १२६ वर आणला. हे आकडे ठरवताना मुख्य आधार होता डोळ्यांचा. दृष्टिपटलातील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांना मधुमेहामुळे जी विशिष्ट इजा होते, तिचे प्रमाण साखरेच्या एका पातळीनंतर स्पष्टपणे वाढू लागते, आणि रेषा त्या वळणाच्या आसपास आखली गेली. डोळ्यांसाठी ती योग्यच आहे. हृदयाच्या धमन्या मात्र आकाराने मोठ्या असतात, त्यांच्यातील बिघाडाची प्रक्रिया वेगळी असते आणि त्यांचा धोका नेमक्या त्याच आकड्याला सुरू व्हावा, असे काही कारण नाही.

प्रत्यक्षात काय दिसते? लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर झालेला व्हाइटहॉल अभ्यास या बाबतीत फार जुना आणि माझ्या मते अजूनही वाचण्यासारखा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ४० ते ६४ वर्षे वयाच्या अठरा हजारांहून अधिक पुरुषांना ५० ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी त्यांची साखर मोजली गेली आणि नंतर वर्षानुवर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांची साखर सर्वांत वरच्या पाच टक्क्यांत होती, पण मधुमेहाइतकी नव्हती, त्यांच्यात हृदयधमनीच्या विकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. ही वरची पातळी सुरू होत होती ९६ पासून. तेव्हाची ग्लुकोजची मात्रा आणि मोजण्याची पद्धत आजच्यासारखी नव्हती, त्यामुळे हा आकडा आजच्या अहवालाशी ताडून पाहू नये. पण मधुमेहाच्या रेषेच्या बऱ्याच खाली धोका वाढलेला असू शकतो, ही गोष्ट त्या अभ्यासाने इतक्या पूर्वी दाखवून दिली होती.

त्यानंतर ३० वर्षांनी, २०१० मध्ये, अमेरिकेतील एरिक या दीर्घ अभ्यासातून मधुमेहाचे निदान नसलेल्या अकरा हजारांहून अधिक प्रौढांची माहिती प्रसिद्ध झाली. ज्यांचे एचबीए१सी ५ ते ५.५ टक्क्यांच्या दरम्यान होते, त्यांचा हृदयधमनी विकाराचा धोका १ मानला, तर ५.५ ते ६ या गटात तो १.२३ आणि ६ ते ६.५ या गटात १.७८ निघाला. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान अशा गोष्टींचा हिशेब वजा केल्यानंतरचे हे आकडे आहेत.

येथे थोडे थांबू या, कारण असे आकडे ऐकून घाबरून जाणे सोपे असते. १.२३ म्हणजे २३ टक्के वाढ. पण ती कशावर, हे महत्त्वाचे. समजा, एखाद्या वयोगटातील हजार लोकांपैकी दहा वर्षांत ४० जणांना हृदयधमनीचा विकार होणार असेल, तर २३ टक्क्यांनी वाढून ती संख्या सुमारे ४९ होईल. हजारात नऊ जण जास्त. जो माणूस तरुण आहे, धूम्रपान करत नाही, ज्याचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ठीक आहे, त्याच्यासाठी मुळातली संख्याच लहान असल्याने वाढही लहान राहते. ज्याच्याकडे हे सगळे धोके आधीच जमा आहेत, त्याच्यासाठी तीच टक्केवारी बरीच मोठी ठरते.

आता आत काय घडते ते पाहू. धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचे एकच पातळ अस्तर असते, फक्त एका पेशीच्या जाडीचे. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्यामुळे धमनी सैल राहते, रक्तातील बिंबिका (प्लेटलेट्स) तिला चिकटत नाहीत आणि दाह निर्माण करणाऱ्या पेशी आत शिरत नाहीत. जेवणानंतर साखर उंच चढते, तेव्हा या अस्तरात ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो आणि नायट्रिक ऑक्साइडची उपलब्धता काही तासांसाठी घटते. दिवसातून तीन-चार वेळा, वर्षानुवर्षे हे होत राहिले, तर अस्तराची राखण करण्याची क्षमता कमी होते. दुसरीकडे, साखरेचे रेणू प्रथिनांना चिकटतात. रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर म्हणजेच एचबीए१सी, पण तीच साखर एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या, कणांना आणि धमनीच्या भिंतीतील कोलॅजेनलाही चिकटते, त्यामुळे भिंत कडक होते आणि एलडीएल तिथे अधिक सहज अडकून राहते.

परंतु साखर एकटी येत नाही, आणि या विषयातला खरा गुंता इथेच आहे. साखर थोडी वाढलेल्या बहुतेक लोकांमध्ये मूळ दोष असतो इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद कमी होण्याचा. त्याच दोषामुळे यकृत जास्त ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) तयार करते, एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल खाली येते, एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात, रक्तदाब चढतो, पोटाभोवती चरबी साठते. मग धमनीचे नुकसान साखरेने केले की तिच्यासोबत आलेल्या या मंडळींनी? कोपनहेगन येथील संशोधकांनी २०१२ मध्ये जनुकांच्या आधारे हा प्रश्न तपासला. ज्यांची साखर जन्मजात जनुकीय कारणांनी थोडी अधिक असते, त्यांच्यातही हृदयविकार अधिक आढळला. म्हणजे साखरेचा स्वतःचाही वाटा आहे. तो एकमेव मात्र नाही.

हे औषधांच्या चाचण्यांनी अगदी स्पष्ट केले आहे. २०१० च्या नॅव्हिगेटर चाचणीत, साखर मधुमेहापेक्षा कमी पण सामान्यापेक्षा अधिक असलेल्या ९,३०६ लोकांमध्ये नेटेग्लिनाइड या साखर कमी करणाऱ्या औषधाने हृदयविकाराच्या घटना कमी केल्या नाहीत. २०१७ च्या चीनमधील एस चाचणीत हृदयविकार असलेल्या साडेसहा हजार रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना अकार्बोज हे साखर कमी करणारे औषध दिले गेले. मधुमेह होण्याचे प्रमाण १८ टक्क्यांनी घटले, हृदयाच्या घटना मात्र घटल्या नाहीत. याउलट, चीनमधीलच दाचिंग येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात आहार आणि व्यायाम यांवर सहा वर्षे काम केले गेले, आणि तीस वर्षांच्या पाठपुराव्यात त्या गटातील हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना २६ टक्क्यांनी कमी आढळल्या. सगळेच अभ्यास इतके अनुकूल नाहीत, हेही सांगायला हवे. अमेरिकेच्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये जीवनशैलीतील बदलाने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी केले, पण सुमारे २१ वर्षांनंतर हृदयविकाराच्या मोठ्या घटनांमध्ये गटांत फरक दिसला नाही. तोपर्यंत सर्वच गटांतील अनेक जण रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची औषधे घेत होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की १०८ चा आकडा ९८ करण्यापुरते लक्ष देणे म्हणजे धूर पांगवून आग तशीच ठेवणे. तो आकडा दिसला की त्याच दिवशी बाकीचे आकडेही मागवावेत: रक्तदाब, एलडीएल, ट्रायग्लिसराइड, कमरेचा घेर. धूम्रपान करत असाल, तर ते सोडणे साखरेच्या कोणत्याही बदलापेक्षा हृदयाला अधिक उपयोगाचे आहे.

एका चुकीबद्दल मला विशेष काळजी वाटते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधांनी रक्तातील साखर किंचित वाढू शकते, हे खरे आहे. २०१० मध्ये १३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, २५५ लोकांना चार वर्षे स्टॅटिन दिल्यावर मधुमेहाचा एक अधिक रुग्ण आढळला. हे कुठेतरी वाचून, एचबीए१सी ५.८ वरून ६ झाले म्हणून लोक परस्पर गोळी बंद करतात. ज्यांना स्टॅटिनची खरी गरज आहे, त्यांच्यात त्या गोळीने टळणारे झटके या वाढीपेक्षा कितीतरी अधिक असतात. शंका असेल तर डॉक्टरांशी बोला, पण गोळी स्वतःहून थांबवू नका.

तपासणीबद्दल थोडेसे. एचबीए१सी तांबड्या पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यावर अवलंबून असते. लोहाची कमतरता असेल तर ते खोटे वाढलेले दिसू शकते. तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असतील तर खोटे कमी. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी असताना केवळ या एका आकड्यावर विसंबू नये. उपाशीपोटीची साखर सामान्य असूनही ग्लुकोज प्यायल्यानंतरची वाढलेली असू शकते, आणि युरोपातील डीकोड अभ्यासात मृत्यूच्या धोक्याचा अंदाज या दोन तासांनंतरच्या आकड्यावरून अधिक चांगला येत होता.

करण्यासारख्या गोष्टींपैकी सर्वांत साधी म्हणजे जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे. स्नायू काम करू लागले की ते इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरचा चढ त्याच वेळी बसतो. आठवड्याला एकूण १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि वजन जास्त असल्यास ते सुमारे सात टक्क्यांनी कमी करणे, हीच अमेरिकेच्या त्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमची दोन उद्दिष्टे होती.

आणि आज हा व्हिडिओ संपल्यावर फायलीतले जुने अहवाल बाहेर काढा. ते तारखेप्रमाणे एकाशेजारी एक ठेवा. चार वर्षांपूर्वी ९१, दोन वर्षांपूर्वी ९९, आता १०८ असे दिसले, तर यातला प्रत्येक कागद आपापल्या वेळी ‘मधुमेह नाही’ असेच सांगत होता. डॉक्टरांकडे जाताना केवळ शेवटचा नव्हे, तिन्ही कागद सोबत न्या.