नाणं पाडलं कुठे?

नमस्कार श्रोतेहो. रोमन नाण्यावर रोमचं नाव दिसलं की ते रोममध्येच पाडलं असेल, असं समजू नका. इ.स. ३३०च्या सुमारास सुरू झालेलं एक छोटं तांब्याचं नाणं आहे. पुढे शिरस्त्राण घातलेली रोमदेवता आणि ‘उर्ब्स रोमा’ ही अक्षरं, मागे जुळ्या बाळांना पाजणारी लांडगी. हे नाणं जर्मनीतल्या ट्रियरपासून सीरियाजवळच्या अँटिओकपर्यंत कितीतरी टांकसाळींत पाडलं जात होतं.

खरा पत्ता मागच्या बाजूला, चित्राखालच्या आडव्या रेघेच्या खाली असतो. सम्राट डायोक्लेशनने २९४च्या सुमारास चलन सुधारलं, तेव्हापासून तिथे टांकसाळीची खूण नेमाने येऊ लागली. टी-आर म्हणजे ट्रियर. एस-आय-एस म्हणजे सिस्किया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. लंडनचीही खूण सापडते, पण ती टांकसाळ ३२५मध्ये बंद झाली. त्यामुळे या काळातलं नाणं लंडनचं ठरलं, की ते कधीच्या आधीचं हेही कळतं.

मला सगळ्यात आवडतं ते सी-ओ-एन-एसचं कोडं. वाचताक्षणी मनात येतं कॉन्स्टँटिनोपल. पण फ्रान्समधल्या आर्ल शहराचं नाव ३२८च्या सुमारास बदलून कॉन्स्टँटिना झालं, आणि तिथल्या नाण्यांवरही हीच अक्षरं उमटू लागली! मग ओळखायचं कसं? एका टांकसाळीत अनेक कार्यशाळा असत आणि प्रत्येकीचं स्वतःचं अक्षर असे. आर्लमध्ये ते लॅटिन, तेही खुणेच्या सुरुवातीला: पहिलीसाठी पी, दुसरीसाठी एस. कॉन्स्टँटिनोपलला ते ग्रीक, आल्फा, बीटा, गॅमा, आणि शेवटी. म्हणून भिंग घेतलंत तर शहराच्या नावाआधी त्याच्या दोन्ही टोकांकडे बघा.

आपल्या देशात, विशेषतः दक्षिणेत, सापडलेल्या रोमन नाण्यांत सम्राट टायबेरियसची चांदीची देनारियस भरपूर आहेत. ती पहिल्या शतकातली, त्यामुळे त्यांच्यावर टांकसाळीची खूणच नाही. तरी ती बहुतेक फ्रान्समधल्या लिआँची, तेव्हाच्या लुग्दुनुमची, मानतात. आधार नाण्याबाहेरचा आहे. रोमन अधिकारी सोन्याचांदीची नाणी तिथे पाडतात, असं भूगोलकार स्ट्राबो लिहितो. शिवाय त्या टांकसाळीवर पहारा देणाऱ्या तुकडीतल्या सैनिकाचा थडग्यावरचा लेखही फ्रान्समधल्याच विशी गावात सापडला आहे.