गोदाकाठचा टॉवर : आकाशरेषा ठरते ती तळाशी

नमस्कार मंडळी.

होळकर पुलावर उभं राहिलं की नाशिकची जुनी आकाशरेषा दिसते. एका अंगाला सुंदरनारायण, समोरच्या काठाला कपालेश्वर, जरा पुढे नारोशंकराचं देऊळ. सगळी शिखरं एकमेकांचा मान राखून उभी आहेत. आता त्याच नदीच्या वरच्या अंगाला, आनंदवल्ली-सोमेश्वरच्या बाजूला उंच इमारतींचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "किती मजली?" माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न खालच्या पंधरा मीटरांचा. नदीकाठ बिघडतो किंवा राहतो तो तिथे.

हिशेबासाठी एक टॉवर धरू. तीस मजले, मजल्याला चार सदनिका, उंची साधारण १०० मीटर, आणि जागा गंगापूर रोडच्या बाजूला, नदीलगत.

सुरुवात पूररेषेपासून. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकलं की माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. वीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत ती १८ टक्क्यांवर जाते. इमारतीची पन्नास वर्षं धरली तर ३९ टक्क्यांवर. निळ्या रेषेच्या आत नवी इमारत नाहीच. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे परवानगी मिळू शकते, पण लाल पातळीच्या ०.४५ मीटर वर. आपण पूर मोजतो दुतोंड्या मारुतीवर, म्हणजे पाणी गोदाकाठच्या त्या मूर्तीच्या कुठवर आलं त्यावर, आणि सोबत गंगापूर धरणाचा क्युसेकमधला (सेकंदाला किती घनफूट पाणी) विसर्ग ऐकतो. धरणाच्या खाली पडलेला पाऊस आणि शहरातले नाले त्या आकड्यात नसतात, हे मात्र विसरतो. १९६९, २००८, २०१९ हे पूर ज्यांना आठवतात त्यांना पाण्याची धाव वेगळी सांगायला नको.

आता जमिनीखाली चला, कारण खरी गोष्ट तिथे आहे. नदीकाठी वर काळी माती किंवा गाळ, त्याखाली मुरूम, मग मांजऱ्या (अर्धवट झिजलेला खडक), मग काळा पाषाण. पाषाण लागला की जमीन तपासायचा बोअर थांबवायचा मोह होतो. पण आपला दख्खनचा खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे, आणि दोन थरांच्या मधे पुष्कळदा तांबड्या मातीचा मऊ पट्टा दडलेला असतो. वर दोन मीटर टणक खडक आणि खाली हा पट्टा, अशा जागी टॉवरचं ओझं ठेवलं तर इमारत असमान खचते. म्हणून बोअर पायाच्या तळाखाली बराच खोल न्यायचा, आणि काढलेल्या गाभ्याच्या (बोअरमधून निघालेल्या खडकाच्या दंडगोल तुकड्यांच्या) पेट्या स्वतः उघडून पाहायच्या. अहवालातला ओळीचा तक्ता पुरत नाही. गाभ्याचे तुकडे किती लांबीचे निघाले आणि कुठे काहीच हाती आलं नाही, हे डोळ्यांनी दिसतं. हाती काही न आलेला तो अर्धा मीटर बहुतेक वेळा तोच तांबडा पट्टा असतो.

तळघराचा प्रश्न याहून अवघड. नदी चढली की मुरमातून भूजल चढतं. रस्त्यावर पाणी दिसण्याआधी ते तळघराच्या फरशीखाली पोचलेलं असतं, त्यामुळे रँपवरच्या पूरदाराचा इथे काही उपयोग नाही. दोन तळघरांसाठी आठ मीटर खोदलं आणि पाणी जमिनीपासून एक मीटर खाली उभं राहिलं, तर राफ्टला (पायाच्या अखंड काँक्रीटच्या जाड थराला) खालून दर चौरस मीटरला सात टन उचल बसते. एक मीटर जाड राफ्टचं वजन अडीच टन. वरच्या तीन स्लॅबचे मिळून आणखी अडीच टन धरा. पाच झाले, दोन टन कमी पडले. टॉवरच्या खाली चिंता नाही, तिथे तीस मजले बसलेले आहेत. चिंता आहे ती टॉवरच्या बाहेर पसरलेल्या, वर नुसती बाग असलेल्या भागाची. तिथे खडकात भोकं पाडून अँकर (राफ्टला खडकाशी बांधणाऱ्या पोलादी सळ्या) बसवावे लागतात, ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरावं लागतं आणि ताणून तपासावं लागतं.

हा हिशेब कागदावर बरोबर असूनही चूक होते ती उपशाची, म्हणजे खड्ड्यातलं भूजल पंपाने काढत राहण्याची. राफ्ट झाला, जुलै लागला, डिझेल वाचवायला पंप बंद केले. टॉवर तेव्हा चारच मजले वर आलेला असतो, अँकर अजून बसायचे असतात. एका रात्रीत राफ्ट उचलला जातो, टॉवर आणि पोडियमच्या (टॉवरच्या पायथ्याशी पसरलेल्या बुटक्या भागाच्या) सांध्यावर तडा जातो, आणि तो तडा पुढे कितीही रसायनं भरली तरी पाझरत राहतो. उपसा कोणत्या स्लॅबनंतर बंद करायचा ते नकाशावर लिहिलेलं असावं आणि त्याखाली स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असावी.

या सगळ्या खर्चाला कंटाळून विकासक काय करतो? गाड्या वर नेतो. १२० सदनिका, प्रत्येकी दोन गाड्या, म्हणजे २४०. वळणं आणि रँप धरून एका गाडीला तीस चौरस मीटर लागतात : एकूण ७,२०० चौरस मीटर. पोडियमला १,८०० चौरस मीटरचा पसारा मिळाला तर चार मजले, म्हणजे सुमारे १३ मीटर उंचीचा ठोकळा. काठाच्या पायवाटेवरून चालणाऱ्याला टॉवर दिसतच नाही. त्याला दिसते ही बंद भिंत, आणि जाळीतून येणारा एक्झॉस्ट पंख्यांचा आवाज. गोदाकाठची आकाशरेषा सदनिकांपेक्षा पार्किंगने जास्त बदलते, ती अशी.

पोडियम सरसकट वाईट असंही नाही. पावसाळी पश्चिमेचा वारा उंच भिंतीवर आपटून खाली उतरतो, आणि पोडियम नसेल तर तो थेट माणसांच्या अंगावर येतो. रचनेच्या मानकात नाशिकचा मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरतात. हा आकडा हलका नाही. म्हणून पोडियम ठेवावा, पण नदीकडची सहा-आठ मीटरची पट्टी घरांना किंवा दुकानांना द्यावी आणि गाड्या मागे ठेवाव्यात. पुराच्या पातळीखालचा मजला नुसत्या खांबांवर मोकळा असावा. कुंपणाला भरीव भिंत नको, जाळी हवी. भरीव भिंत आधी पाणी अडवते, मग एकदम कोसळते आणि अडवलेलं सगळं पाणी शेजाऱ्याच्या दारात लोटते. यांत्रिक पार्किंग घ्यायचं तर गाड्या खाली खड्ड्यात उतरवणारं नको.

सावलीचंही सांगतो, कारण त्यावर बोललं जात नाही. नाशिक २० अंश उत्तरेला. डिसेंबरच्या अखेरीला भर दुपारीही सूर्य साडेशेहेचाळीस अंशांवरच असतो, म्हणजे १०० मीटरच्या टॉवरची सावली ९५ मीटर उत्तरेला पडते. दक्षिण काठावर टॉवर असला तर ती नदीवरच पडणार. सकाळी ती वायव्येला वळते आणि याच्या दुप्पट-तिप्पट लांबते. टॉवरची रुंद बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की सावलीचा पट्टा रुंद, अरुंद बाजू नदीकडे केली की तो सडपातळ आणि लवकर सरकणारा. उंची तीच, परिणाम वेगळा.

उरली यंत्रं. ट्रान्सफॉर्मर, विजेचं पॅनेल, जनरेटर आणि आगीचे पंप तळघरात ढकलायची सवय मोडायला हवी. पुरात पहिला बळी पॅनेलचा जातो. मग पाणी चढवायचा पंप बंद, लिफ्ट बंद, आणि तिसाव्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना शंभर मीटर जिना. हे सगळं लाल पातळीच्या वर, पोडियमवर बसतं. जागा आराखड्याच्या पहिल्या दिवशी राखावी लागते, एवढंच. लिफ्टच्या खड्ड्यात फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू होणारा) हवा, म्हणजे पाणी लागताच लिफ्ट खाली न येता वरच्या ठरलेल्या मजल्यावर जाऊन थांबेल. सोसायटीने ताबा घेण्याआधी तो फ्लोट हाताने उचलायला लावावा आणि लिफ्ट खरोखर वर जाऊन थांबते का, ते समोर उभं राहून पाहावं.