धावत येऊन नेम धरताना

(दृश्य : नेरुळ, पहाटे साडेपाच. मोकळ्या मैदानाच्या कडेला एक टेबल, टेबलावर एक पिस्तूल.)

पाम बीच रस्त्यावरची वर्दळ अजून सुरू झालेली नाही. खाडीकडून येणारा वारा दमट आहे, आणि मैदानाच्या या कोपऱ्यात कमरेच्या उंचीचे एक टेबल मांडून झाले आहे. त्यावर ठेवलेले पिस्तूल दिसायला खरे वाटत असले तरी त्यातून गोळी सुटत नाही. ट्रिगर दाबला की लेझरचा क्षणभराचा किरण सुटतो, आणि तो दहा मीटरवरच्या इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर नेमका पडला तर तिथला एक दिवा हिरवा होतो. सहाशे मीटर धावत यायचे, पाच दिवे हिरवे करायचे, पिस्तूल टेबलावर ठेवायचे आणि पुन्हा सहाशे मीटर धावायला निघायचे. नेमबाजीच्या अशा चार फेऱ्या आणि धावण्याच्या पाच, म्हणजे एकूण तीन किलोमीटर. या खेळाला लेझर रन म्हणतात.

धावणे आणि नेमबाजी यांची सांगड घालणारे खेळ जगात अनेक आहेत. अमेरिकेत रायफल आणि पिस्तूल अंगावर घेऊन पाच-दहा किलोमीटर डोंगरवाटा तुडवायच्या आणि वाटेत ठिकठिकाणी लक्ष्ये टिपायची, अशा ‘रन अँड गन’ स्पर्धा होतात. थंड देशांतील बायथलॉनमध्ये स्कीवरून आलेला खेळाडू पन्नास मीटरवरच्या पाच लक्ष्यांवर पॉइंट टू-टू रायफलीने नेम धरतो. हा खेळ १९६० पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या आणि परवान्याच्या चौकटीत राहून खरी रायफल पाठीवर टाकून सार्वजनिक वाटेने धावण्याचा विचारही करता येत नाही, आणि दाट वस्तीच्या शहरात तो करूही नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लेझर रन मात्र नवी मुंबईतल्या एखाद्या मैदानावरही खेळता येतो. त्याचे मूळ मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये आहे. पाच क्रीडाप्रकारांचा हा खेळ १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा धावणे आणि नेमबाजी हे त्याचे दोन वेगळे भाग होते. ते एकत्र आणण्याची पद्धत २००९ मध्ये सुरू झाली, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये छऱ्यांच्या पिस्तुलाची जागा लेझरने घेतली. लेझर रन हा त्याच भागाचा स्वतंत्रपणे खेळला जाणारा प्रकार आहे.

(दृश्य : धावत येणारी मुलगी. टेबलापाशी थांबते. श्वासाचा आवाज.)

अकरावीत शिकणारी ही मुलगी जुईनगरला राहते. तिचे प्रशिक्षक एके काळी एअर पिस्तूल खेळत असत. तिच्या मागे उभे राहून ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात : “अगं, टेबल कुठे पळून जात नाही. तू आधी नीट पोहोच.”

या वाक्यात या खेळाच्या सरावाचे मर्म आहे. पाहणाऱ्याला धावणे दिसते आणि नेमबाजी दिसते. वेळ मात्र या दोहोंच्या मधल्या तीस पावलांत जातो. लक्ष्य तसे लहान नाही. त्याचा व्यास ५९.५ मिलिमीटर असतो, म्हणजे दहा मीटर एअर पिस्तूलच्या कागदी लक्ष्यावरचा संपूर्ण काळा गोल. एअर पिस्तूलमध्ये दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे असते, त्यामुळे शांत उभ्या असलेल्या नेमबाजाला लेझर रनचे लक्ष्य सोपेच वाटेल. पण इथे हृदय मिनिटाला पावणेदोनशेच्या आसपास ठोके देत असते, छाती भात्यासारखी हलत असते आणि पाच दिवे हिरवे होईपर्यंत किंवा पन्नास सेकंद उलटेपर्यंत खेळाडूला टेबल सोडता येत नाही. जगातले निष्णात खेळाडू ही फेरी दहा सेकंदांच्या आसपास उरकतात. एवढ्या वेळात नाडी शांत होत नाही, म्हणून ती शांत होण्याची वाट पाहत थांबणे ही नवख्यांची पहिली चूक ठरते.

मग करायचे काय, तर श्वासालाच ताल मानायचा. नियमानुसार पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते आणि प्रत्येक फैरीनंतर ते टेबलाला टेकवावे लागते. प्रशिक्षकांनी याच सक्तीचा उपयोग करून घेतला आहे. पिस्तूल टेबलाला टेकले की श्वास घ्यायचा, हात वर येताना अर्धा श्वास सोडायचा, आणि उरलेला श्वास जिथे क्षणभर थबकतो तिथे ट्रिगर सरळ मागे ओढायचा. एक श्वास, एक फैर. सुरुवातीचे दोन महिने ही मुलगी धावत नव्हती. घरी भिंतीवर काळा ठिपका चिकटवून रोज पंधरा मिनिटे हा ताल ती बसवत होती. नेमबाज याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. खांद्याला स्थैर्य यावे म्हणून पाण्याने भरलेली लिटरची बाटली हात लांब करून धरून ठेवणे हा त्याच्या जोडीचा व्यायाम. त्याला कुठलेही उपकरण विकत घ्यावे लागत नाही आणि तो कंटाळवाणा आहे. म्हणूनच बहुतेक जण तो टाळतात, हे आम्हाला या चित्रीकरणादरम्यान वारंवार दिसले.

धावण्याचा सराव आठवड्यातून चार दिवस असतो. त्यातले तीन दिवस बोलता येईल इतक्या सावकाश गतीने धावायचे, आणि एक दिवस सहाशे मीटरच्या पाच फेऱ्या प्रत्यक्ष स्पर्धेच्या वेगाने, मध्ये नेमबाजीसह. या एका दिवशी तिची आई स्टॉपवॉच घेऊन टेबलापासून तीस मीटरवर उभी राहते. मुलगी तिला ओलांडते तेव्हा घड्याळ सुरू होते आणि पहिला दिवा हिरवा झाला की थांबते. एकूण धावण्याची वेळ कितीही असो, वहीत आधी हा आकडा लिहिला जातो. हुकलेली एक फैर म्हणजे पिस्तूल पुन्हा टेकवणे, उचलणे आणि नेम धरणे; त्यात दोन-तीन सेकंद सहज जातात. तेवढेच सेकंद सहाशे मीटरच्या फेरीत वाचवायचे तर पायांची किती दमछाक होते, हे कोणताही धावपटू सांगेल. म्हणून शेवटच्या तीस मीटरमध्ये ती वेग किंचित कमी करते, लांब उच्छ्वास सोडते, उजव्या हाताची बोटे सैल झटकते आणि नजर आपल्या लेनच्या आकड्यावर ठेवते. आधी पाय ठरलेल्या जागी, मग हात पिस्तुलावर. हा क्रम एकदाही बदलत नाही.

(दृश्य : हाताचा जवळून दिसणारा भाग. लाकडी ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, तिच्यावर राखाडी एम-सीलचे ठिगळ.)

आता साधनांकडे वळू. अमेरिकेतल्या त्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत प्रत्येक वस्तू अंगावर वाहायची असते, त्यामुळे तिथे पट्टा किती हलतो, होल्स्टर पिस्तुलाला किती घट्ट धरते आणि रायफलीचा पट्टा खांद्याला काचतो की नाही, याचाच विचार आधी होतो. भरलेले शस्त्र हातून पडले तर खेळाडू थेट बाद ठरतो. लेझर रनमध्ये पिस्तूल टेबलावरच राहते, म्हणून इथे प्रश्न वजनाचा नसून ग्रिपचा आहे.

कारण साधे आहे. पिस्तुलावर नेम धरण्यासाठी पुढे एक उंचवटा आणि मागे एक खाच असते, त्यांना साइट म्हणतात. या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण तीस सेंटिमीटर अंतर धरले, तर मागच्या खाचेत पुढची साइट एका मिलिमीटरने जरी सरकली तरी दहा मीटरवर नेम सुमारे ३३ मिलिमीटरने ढळतो, आणि लक्ष्याची त्रिज्या तीसच्याही आत आहे. हात थरथरला तर पुढची साइट लक्ष्याभोवती फिरताना दिसते आणि ती मध्यावर येण्याची वाट पाहता येते. मनगट वळल्याने सरकलेला हा एक मिलिमीटर मात्र दमलेल्या डोळ्यांना जाणवत नाही. तो सांभाळायचा तो ग्रिपने. हाताच्या तळव्यात लाकूड प्रत्येक वेळी त्याच जागी बसले तर मनगटाला निवड करावी लागत नाही.

या मुलीचे पहिले पिस्तूल दुसऱ्याने वापरलेले होते आणि त्याची ग्रिप मोठ्या हाताच्या पुरुषासाठी घडवलेली होती. विकणाऱ्याने ‘हात मोठा होईल तसे जमेल’ असे सांगितले आणि घरच्यांनी विश्वास ठेवला. पहिल्या दोन फेऱ्या ती बरी करत असे. तिसऱ्या फेरीत घामेजलेला हात लाकडावर घसरू लागला की फैरी डावीकडे जाऊ लागत. चार महिने सगळ्यांनी तिच्या दमाला दोष दिला. पुढे प्रशिक्षकांनी तळव्याखालच्या पोकळीत एम-सीलचा थर दिला, तो वाळल्यावर कानशीने उतरवला आणि पॉलिशपेपरने खरबरीतच ठेवला. गुळगुळीत ग्रिप हाताला छान वाटते, पण आपल्या दमट हवेत ती उपयोगाची नाही.

बाकीच्या गोष्टींना एवढा वेळ द्यावा लागत नाही. बुटाचा तळ असा हवा की तो माती, डांबर आणि पेव्हर ब्लॉक या तिन्हींवर धरून राहील, आणि जून ते सप्टेंबर शेवाळलेल्या ब्लॉकवर वेगाचा सराव मुळीच करू नये. खांद्यात काचणारा टी-शर्ट चालत नाही. कपाळाला घाम टिपणारी पट्टी हवी, कारण एक थेंब पापणीवर आला की पुढची साइट धूसर होते आणि तीच तर स्पष्ट दिसायला हवी. लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालते. चष्मा असेल तर मागून पट्टा लावावा. पिस्तूल मैदानावर नेताना मात्र बंद पेटीतच न्यावे. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी ते टेबलावर उघडे पाहून चालायला आलेल्या एक आजी घाबरून परत फिरल्या होत्या, आणि त्यांची भीती रास्तच होती. त्यानंतर टेबलाला एक फलक लावला गेला, आणि सराव सुरू होण्याआधी रखवालदारकाकांना कळवण्याचा नेमही सुरू झाला.

(दृश्य : मैदान उजाडलेले. मुलगी टेबलापाशी, डोळे मिटलेले.)

ग्रिप बसली की नाही हे ओळखण्याची त्यांची एक रीत आहे. डोळे मिटायचे, पिस्तूल उचलायचे, हात सरळ करायचा आणि मग डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये दिसली, तर लाकूड हाताला मानवले. विश्रांती घेतलेल्या हाताने ही परीक्षा ती आता दर वेळी उत्तीर्ण होते. पण प्रशिक्षक तेवढ्यावर थांबत नाहीत. ते तिला पाचवी फेरी धावायला लावतात, आणि ती धापा टाकत परतते तेव्हा पुन्हा तेच करायला सांगतात. ती डोळे मिटते, हात वर जातो, डोळे उघडतात.

“डावीकडे आहे, सर. अगदी थोडी.”

सर पिस्तूल हातात घेतात, अंगठ्याने ग्रिपची कड चाचपून पाहतात आणि पिशवीतून कानस काढतात.