बाबा व्हायला मला चार दिवस लागले

नमस्कार मंडळी. मंडळाच्या कार्यकारिणीचा फोन आला की मेळाव्यात दहा मिनिटं बोल, विषय तुझा तू ठरव, आणि खरं सांगायचं तर गेले नऊ आठवडे माझ्या डोक्यात एकच विषय आहे. माझी मुलगी तिकडे मागच्या रांगेत हिच्या मांडीवर झोपलीये, त्यामुळे मी आवाज जरा कमीच ठेवतो.

बाळ झाल्यावर बापाला कसं वाटतं यावर आपण सगळे साधारण एकच ऐकत आलोय, पहिल्यांदा हातात घेतलं आणि डोळ्यातून पाणीच आलं. माझं तसं झालं नाही. हे मी आज मुद्दाम सगळ्यांसमोर सांगतोय, कारण त्या दिवसांत मला कोणी आधी सांगितलेलं असतं की असं पण होतं, तर फार बरं झालं असतं.

हिला अठरा तास कळा होत्या. मी पूर्ण वेळ बाजूला होतो, कंबर दाबून देत होतो, पाणी देत होतो, आणि एका टप्प्यानंतर नुसता हात धरून होतो. पहाटे चारच्या सुमारास बाळ बाहेर आलं. निळसर राखाडी रंग, अंगावर पांढरा चिकट थर, आणि पहिले काही सेकंद आवाज नाही. ते सेकंद मला अजून आठवतात. मग रडली. डॉक्टरांनी नाळ लगेच कापली नाही, मिनिटभर थांबल्या, कारण तेवढ्या वेळात वारेतलं बरंचसं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या काही महिन्यांचा लोहाचा साठा त्यातून मिळतो. मग कात्री माझ्या हातात दिली. नाळ एवढी चिवट असते हे मला माहीत नव्हतं, एका दमात कापली गेली नाही, दोनदा जोर लावावा लागला.

पहिल्या मिनिटाला नर्स म्हणाली सात, पाचव्या मिनिटाला म्हणाली नऊ. तो अ‍ॅपगार स्कोअर. व्हर्जिनिया अ‍ॅपगार नावाच्या भूलतज्ज्ञ बाईंनी 1952 साली ही पद्धत काढली, त्वचेचा रंग, हृदयाचे ठोके, प्रतिसाद, हातापायातली ताकद आणि श्वास, प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन मार्क. हा आकडा बाळ पुढे कसं होणार याचा नसतोच, या क्षणाला त्याला मदत लागतीये का एवढंच बघायचं असतं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, सातावर मी पार घाबरलो होतो.

बाळाला हिच्या छातीवर ठेवलं. ही रडत होती, हसत होती, बाळाशी बोलत होती. मी हिच्या कपाळावर हात ठेवून उभा होतो आणि माझ्या आत फक्त भीती आणि थकवा. ही माझी मुलगी आहे, हे आतून वाटायला हवं होतं ना, ते वाटलंच नाही. घरी आईला व्हिडिओ कॉल केला, आई रडायला लागली, मी म्हणालो खूप आनंद झालाय, आणि फोन ठेवल्यावर मला माझंच वाईट वाटलं. पुढचे दोन-तीन दिवस मी सगळं करत होतो, डायपर बदलत होतो, फॉर्म भरत होतो, पण मनात एकच, की माझ्यात काहीतरी कमी आहे का?

तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर कावीळ. नवजात बाळांमध्ये हे खूप कॉमन आहे, निम्म्याहून जास्त बाळांना थोडीफार होते, कारण बाळाच्या जादा तांबड्या पेशी फुटतात आणि त्यातून जे बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं ते बाहेर टाकायला यकृत अजून तयार नसतं. बऱ्याच बाळांची आपोआप उतरते. आमच्या पोरीचा आकडा जास्त होता म्हणून तिला निळ्या लाइटखाली ठेवलं. तो लाइट त्वचेतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतो आणि मग ते शी-शू वाटे बाहेर पडतं. वजन पण 3100 ग्रॅमवरून 2860 वर आलेलं. पहिल्या दिवसांत असं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यात भरून निघतं हे मी वाचलं होतं, तरी वजनकाट्यावर कमी झालेला आकडा बघितला की वाचलेलं काही उपयोगी पडत नाही.

त्या रात्री हिला टाके दुखत होते, दोन रात्रींची झोप नव्हती, म्हणून मी म्हणलं तू झोप, मी बसतो तिच्यापाशी. डायपर सोडून अंगावर काही नाही, डोळ्यांवर पट्टी, सगळीकडे निळा उजेड, आणि पाजायची वेळ सोडून बाहेर काढायचं नाही. दीडच्या सुमारास ती रडायला लागली, आणि ते रडणं वेगळं होतं, हातपाय हवेत फेकत, काहीतरी धरायला शोधत असल्यासारखं. मला उचलून घेता येईना. मी नर्सला बोलावलं. ती म्हणाली एक हात डोक्यावर ठेवा, एक हात पायांवर, थापटू नका, चोळू नका, नुसता ठेवा आणि तिच्याशी बोला.

आता बोलू काय? ही पोटुशी असताना मला एक सवय लागली होती, रोज रात्री पोटाशी तोंड नेऊन दिवसभरात काय झालं ते सांगायचो, ऑफिसमध्ये कोण काय म्हणालं, घरात काय बिघडलं, काहीही. मी तेच सुरू केलं. आज सकाळी तुझं रक्त काढलं, तू खूप ओरडलीस, मग तुझ्या आईने तुला जवळ घेतलं... आणि तिने मान वळवली. डोळ्यांवर पट्टी होती, तिला काही दिसत नव्हतं, आणि ती मान हळूहळू, थांबत थांबत माझ्या बाजूला आली आणि रडणं थांबलं. पोटात असतानाच शेवटच्या काही महिन्यांत बाळांना ऐकू येतं हे मी कितीतरी वेळा वाचलेलं होतं, पण त्या वेळी मला एवढंच कळलं की ही मला ओळखते. मला वाटत होतं आमची ओळख व्हायचीये, आणि तिच्या बाजूने ती कधीच झालेली होती. मग पायांवर ठेवलेल्या माझ्या हाताचं बोट तिच्या तळहाताला लागलं आणि तिने ते धरलं. तळहाताला काही लागलं की सगळ्याच नवजात बाळांची मूठ मिटते, तो रिफ्लेक्स आहे, माहितीये मला. तरी मी पहाटेपर्यंत ते बोट काढलं नाही. रडलो पण तेव्हाच.

म्हणून नवीन बाबांना आणि होणाऱ्या बाबांना माझं सांगणं आहे, पहिल्या दिवशी काही वाटलं नाही तर घाबरू नका, पण लांबही राहू नका. बाळाला हात लावा, शर्ट काढून छातीवर घ्या. कांगारू केअर म्हणतात ते 1978 साली कोलंबियात बोगोटाच्या एका हॉस्पिटलमध्ये सुरू झालं, तिथे कमी वजनाच्या बाळांसाठी इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून बाळांना आईच्या अंगाशी बांधून ठेवायला लागले. बापाच्या छातीवरही बाळ तसंच उबदार राहतं. नवजात बाळाला साधारण वीस-तीस सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे छातीवर घेतलं की बरोब्बर आपला चेहरा.

घरी आल्यावर चोवीस तासात आठ ते बारा वेळा पाजणं, ते हिलाच करायचं होतं, पण बाळ उठवून आणणं, ढेकर काढणं, ओले डायपर मोजणं, परत उताणं झोपवणं हे माझं. आमच्या दोघांच्या आया इतक्या लांब, त्यामुळे घरात दुसरे हात माझेच होते. पाचव्या दिवशी ही कारण नसताना रडायला लागली. पहिल्या दोन आठवड्यात असं खूप जणींना होतं आणि ओसरतं, पण त्यापुढे गेलं, झोप मिळूनही झोप लागेना, कशातच मन लागेना, तर डॉक्टरकडे जायचं, वाट बघायची नाही. हिला नंतरच्या तपासणीत दहा प्रश्नांचा एक फॉर्म दिला होता त्यासाठी. मला कोणी काही विचारलं नाही. बाळ झाल्यावर साधारण दहातल्या एका बाबालाही डिप्रेशन येतं, आणि आपण पुरुष लोक त्याला कामाचा ताण म्हणून सोडून देतो.

आणि एक गोष्ट मला सांगायचीच आहे, मग थांबतो. सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळांचं रडणं सगळ्यात जास्त असतं. एका रात्री ती दोन तास रडत होती, पोट भरलेलं, डायपर कोरडा, ताप नाही, आणि माझ्या हातांत राग उतरतोय हे मला जाणवलं. मी तिला पाळण्यात उताणं ठेवलं, दार लोटलं, आणि बाल्कनीत पाच मिनिटं उभा राहिलो. ती रडतच होती. पाच मिनिटं पाळण्यात रडून बाळाला काही होत नाही, पण रागाच्या भरात एकदा गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. मी परत आत गेलो तेव्हा माझे हात शांत होते. हे सांगताना मला अजून धाकधूक होते, पण ती वेळ इथल्या कुठल्याही आईबापावर येऊ शकते, म्हणून सांगितलं.

आमच्या मंडळातल्या चार बाबांनी मिळून एक ग्रुप केलाय. रात्री तीनला पण कोणीतरी जागं असतंच. ज्यांचं बाळ नवीन आहे किंवा येऊ घातलंय त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटा, मी दाराजवळच असेन, ती बहुतेक माझ्या खांद्यावर असेल.