खुराकीचा हिशेब

(पांढरकवड्याजवळचा ढाबा, राष्ट्रीय महामार्ग 44. दुपार.)

हिंगणघाटहून रुईच्या गाठी भरून निघालेला ट्रक कोइमतूरला चाललाय. ड्रायव्हरभाऊ जेवायला बसलेत. ताटात दोन रोट्या, वांग्याची भाजी, कांदा. तिसरी रोटी सांगण्याआधी त्यांचा हात खिशाकडे जातो.

"अजून चार दिवस पुरवा लागते ना, भाऊ."

खिशात आहे खुराकी, म्हणजे मालकाने फेऱ्यासाठी दिलेला जेवणाखाण्याचा भत्ता. या भत्त्याची दखल आयकर कायद्यानेही घेतली आहे, हे फार थोड्या ड्रायव्हरांना ठाऊक असतं. 2025-26 या आर्थिक वर्षाचं सांगतो. 1961 च्या कायद्याचं कलम 10(14) आणि त्याखालचा नियम 2बीबी. वाहतुकीच्या नोकरीत, गाडी चालू असताना होणाऱ्या स्वतःच्या खर्चासाठी भत्ता मिळाला, तर त्यातला 70 टक्के करमुक्त. पण महिन्याला 10,000 रुपयांच्या वर नाही. 6,000 मिळाले तर 4,200 सुटतात. 15,000 मिळाले तर 70 टक्के होतात 10,500, सुटतात मात्र 10,000च. वेगळा दैनिक भत्ता मिळत असेल तर ही सूट नाही. आणि हे सगळं जुनी करप्रणाली निवडली तरच. न निवडता आपोआप लागू होते ती नवी, आणि तिच्यात ही सूट ठेवलेलीच नाही.

भाऊंची कमाई कर लागण्याइतकी नाहीच. मला सलतं ते दुसरंच. त्यांना पगारपत्रक नाही. निघताना मालक नोटा हातावर ठेवतो, बस्स. खाकी पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली वही त्यांनी दाखवली. डिझेल आहे, टोल आहे, हमाली आहे, पंक्चरसुद्धा आहे. जेवण कुठेच नाही.

स्वतःचा ट्रक घ्यायचं त्यांच्या मनात आहे. 2025-26 चाच हिशेब धरला, तर दहापर्यंत मालगाड्या असलेल्याला त्याच 1961 च्या कायद्याचं कलम 44एई सोपं पडतं: 12 टनांवरच्या गाडीला दर टनामागे महिन्याला 1,000 रुपये उत्पन्न धरायचं. 28 टनांची गाडी, 28,000 रुपये. गाडीचा खर्च वेगळा वजा होत नाही, रस्त्यावरचं जेवणही त्यातच आलं. पण ट्रकच्या कर्जासाठी बँक उत्पन्नाचा कागद मागते, आणि भाऊंकडे ही वही आहे.

पगार आणि भत्ता मालकाकडून लिहून घ्या, मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत. हात धुऊन आले, माझ्याकडचा पेन घेतला आणि डिझेलच्या खाली लिहिलं: जेवण, 120.