टिचकी

(पडद्यावर: पहाट. धुकं. मलप्रभेचा पूल. एक सायकल पार होते.)

कणकुंबीच्या डोंगरात उगवलेली मलप्रभा खानापुराशी येते, तेव्हा तिचा प्रवास नुकताच कुठे सुरू झालेला असतो. पुढे दूरवर जाऊन ती कृष्णेला मिळते. आपण मात्र इथेच थांबणार आहोत, मातीपाशी.

खानापूर तालुका कौलांचा, विटांचा आणि मडक्यांचा. पावसाळ्यात इथे आभाळ फाटतं, तेव्हा कुंभाराचं चाक बहुतेक बंदच असतं. दिवाळी सरते, ऊन कडक होतं आणि अंगणं पुन्हा मातीनं भरतात.

(पडद्यावर: मोगरीनं ढेकळं फुटतात. चाळण. धूळ उन्हात तरंगते.)

आज या अंगणात पाहुणे आलेत. बेळगावच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतली संडे स्कूलची बारा मुलं आणि त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. कुंभारकाका ख्रिस्ती नाहीत. पण पाळकांचा निरोप गेला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "पोरं किती येणार? तेवढी माती भिजवून ठेवतो."

"या की," काका म्हणतात. "चपला तिकडं काढा. मातीत पाय घालायचा हाय."

(पडद्यावर: बारा जोड्या चपला. मग पाय.)

वाळलेली माती फोडायची, चाळायची, खड्ड्यात भिजत घालायची. तिच्यात राख मिसळायची. मग तुडवायची. कडेकडेनं सुरुवात करून गोल गोल आत यायचं, टाच दाबत. मुलांना हा खेळ वाटतो. काका मात्र मध्येच थबकतात, वाकतात आणि बोटाच्या पेराएवढा खडा काढून बाजूला टाकतात. एक मुलगा विचारतो, "काका, तुम्हाला दिसला कसा?"

"दिसला न्हाई रं. पायाला लागला."

हे वाक्य आम्ही तीनदा ऐकलं. संकलन करताना ते कापवेना.

(पडद्यावर: चाक. काठीनं गती दिली जाते. मातीचा गोळा मध्यावर बसतो.)

बायबलात यिर्मया नावाच्या संदेष्ट्याला देव सांगतो, कुंभाराच्या घरी खाली जा, तिथे मी तुझ्याशी बोलेन. मंदिरात नव्हे, राजवाड्यात नव्हे. यिर्मयाच्या पुस्तकातला हा १८वा अध्याय. म्हणून ही सहल.

पण पाळकांनी मुलांना वाचून दाखवलं ते यशया या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायातून. सुमारे २७०० वर्षांपूर्वीचं यरुशलेम. तिथले काही पुढारी अंधारात मसलती करत होते. बहुतेक अभ्यासक म्हणतात, त्या मसलती मिसर देशाशी, म्हणजे इजिप्तशी, गुपचूप संधान बांधण्याच्या होत्या. आपल्याला कोण पाहतो, कोणाला कळणार, असं ते आपसात म्हणत. यशया त्यांना देवाच्या हेरांची भीती घालत नाही. तो त्यांना कुंभाराकडे नेतो. अहो, तुम्ही सगळं उलटं धरलंत, तो म्हणतो. कुंभाराला मातीच्या बरोबरीचा मानायचं का? घडवलेल्या वस्तूनं घडवणाऱ्याविषयी म्हणावं का, की याला काही कळत नाही?

(पडद्यावर: मडक्याच्या आत गेलेला डावा हात. बाहेर थापी.)

चाकावरून उतरलेलं मडकं अजून जाडजूड असतं. थोडं सुकलं की ते मांडीवर येतं. उजव्या हातात लाकडी थापी आणि डावा हात आत, गोटा धरून. बाहेरून थाप पडते त्याच जागी आतून आधार असतो. बाहेर दिसते ती थापी. आतला हात कॅमेऱ्याला मिळत नाही, आम्ही प्रयत्न केला. फक्त मडकं हळूहळू फुगत जाताना दिसतं, भिंत पातळ होत जाते, आणि काका आमच्याकडे बघून बोलत असतात. भिंत कुठे जाड आहे, कुठे पातळ, हे बघायला त्यांना नजर खाली न्यावी लागत नाही.

बायबलातल्या ९४व्या स्तोत्रात हेच वेगळ्या शब्दांत येतं: ज्यानं कान बसवला त्याला ऐकू येणार नाही का, ज्यानं डोळा घडवला त्याला दिसणार नाही का? ख्रिस्ती श्रद्धेत देवाचं सर्वज्ञान इथून सुरू होतं. तो उंचावर बसून टेहळणी करतो म्हणून जाणतो, असं नाही. त्याचा हात आत आहे म्हणून जाणतो. आणि ज्यानं घडवलं, त्याला विचारण्याचा हक्क आहे. माणसाचं उत्तरदायित्वही याच मातीतून येतं.

(पडद्यावर: बेळगाव, बाजारातली गर्दी. दुकानांवरचे कॅमेरे, एकामागून एक.)

आमच्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी हे ज्ञान धमकी म्हणून ऐकलं. "देव बघतोय हं!" साखर चोरताना, खोटं बोलताना, प्रार्थनेत डोळे उघडताना. त्या एका वाक्यानं फार नुकसान केलं आहे, हे इथे स्पष्ट म्हणायला हवं. लेकरांना देव दुकानाच्या छतावर बसवलेल्या यंत्रासारखा वाटू लागला.

(पडद्यावर: विहीर. एक बाई पाणी शेंदते. रहाटाचा आवाज.)

बायबलात देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती एक पळालेली दासी आहे. हागार, मिसरची, गरोदर, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात निघून आलेली. उत्पत्तीचा १६वा अध्याय. झऱ्यापाशी देवदूत तिला नावानं हाक मारतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? त्यानंतर ती देवाला म्हणते, तू पाहणारा देव आहेस. तिथल्या विहिरीचं नावच त्यावरून पडलं. जिच्याकडे घरात कोणी धड पाहिलंही नव्हतं, तिला कोणीतरी पाहिलं होतं. आणि लक्षात घ्या, तिलाही प्रश्न विचारला गेलाच.

(पडद्यावर: चर्चची कमान. रविवारची उपासना. पेटी, तबला. पानं उलटणारे हात.)

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं. १९०४ साली ते अमेरिकेतल्या मेथॉडिस्ट मिशनकडे आलं. बेळगावचं कॅथलिक धर्मप्रांत १९५३चं. या सीमेवर पाट्यांची भाषा हा जिवाचा विषय आहे, पण प्रभूची प्रार्थना मराठीत म्हटली जाते, कन्नडमध्ये म्हटली जाते, कोकणीत म्हटली जाते. पाळक एकदा प्रवचनात म्हणाले, "देवाला दुभाषा लागत नाही, म्हणून त्याच्यापुढे शब्दांत लपायलाही जागा नाही."

उपासनेनंतर एका तरुणानं विचारलेला प्रश्न आमच्याकडे ध्वनिमुद्रित आहे. "देवाला आधीच सगळं ठाऊक असेल, तर माझा दोष कसा?" हा प्रश्न जुना आहे. मेथॉडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांनी त्यावर सूर्याचं उदाहरण दिलं होतं. सूर्य तळपतो हे मला कळतं, पण मला कळतं म्हणून तो तळपत नाही. तो तळपतो म्हणून मला कळतं. देवाचं जाणणं माणसाला ढकलत नाही. पाऊल आपलंच असतं.

आणि वेस्ली नुसतं समजावून थांबले नाहीत. १७३८च्या नाताळच्या दिवशी त्यांनी लहान गटांसाठी नियम लिहून काढले: आठवड्यातून एकदा भेटायचं, आणि मागच्या भेटीनंतर आपल्या हातून जाणूनबुजून कोणतं पाप घडलं ते एकमेकांना सांगायचं. आपल्याकडे सोपं नाही हे. चार घरं सोडून राहणाऱ्या माणसासमोर?

(पडद्यावर: ऊस भरलेल्या ट्रॉल्या. वजनकाटा.)

पाळकांनी त्या रविवारी काट्याविषयीच विचारलं. ट्रॉलीचं वजन कमी दाखवलं की आपण पेटून उठतो, आणि उठावंच. पण आपल्या घरात मजुरी मोजताना काटा कोणाच्या हातात असतो? मंडळीत पुष्कळ शेतकरी होते. कोणी काही बोललं नाही.

(पडद्यावर: रात्र. आवा. ज्वाळा.)

मडकी एकमेकांना टेकवून रचली जातात. मधूनमधून लाकूड, शेणी, भाताचं तूस. वरून पेंढा, त्यावर चिखलाचा लेप. मग आग. रात्रभर कोणीतरी जागं राहायचं. धूर कुठून निघतो, त्याचा रंग काय, हे बघत. कॅथलिक बायबलातल्या सिराखच्या ग्रंथात म्हटलं आहे की कुंभाराच्या भांड्याची पारख भट्टीत होते, तशी माणसाची त्याच्या बोलण्यात.

(पडद्यावर: सकाळ. राख बाजूला सारली जाते. लाल मडकी. काकांचं बोट.)

काका एकेक मडकं उचलतात आणि टिचकी मारतात. खण्. खण्. खण्. पाचव्याला बद्द आवाज येतो. मुलं जवळ सरकतात. मडकं अगदी सुरेख आहे, कुठे ओरखडा नाही.

"आतनं गेलंय बघा. वरनं दिसंना, पण आवाज सांगतोय की."

यिर्मयाच्या १९व्या अध्यायात असंच एक भाजलेलं मडकं फोडलं जातं आणि ते पुन्हा जोडता येत नाही. प्रत्येकजण देवाला स्वतःचा हिशेब देईल, असं प्रेषित पौल रोमकरांना, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहितो. आणि न्यायाच्या दिवशी विचारलं जाईल ते भुकेल्याविषयी, तहानेल्याविषयी, तुरुंगातल्या माणसाविषयी, असं मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २५व्या अध्यायात आहे.

(पडद्यावर: अंगणाचा दुसरा कोपरा. मुलांनी केलेल्या ओल्या पणत्या, फळीवर.)

एका मुलीची पणती एका बाजूला लवंडली आहे. ती पणती ओंजळीत घेऊन उभी आहे, काकांना दाखवावी की नाही अशी. शेवटी हात पुढे करते. काका पणती उलटसुलट करून पाहतात, तळ चाचपतात, मुठीत दाबून तिचा गोळा करतात, पाण्याचा हात लावतात आणि तिच्या हातावर परत ठेवतात.

"ओली हाय अजून. बस."

ती बाह्या मागे सारते. चाकाला गती मिळते.