इलेक्ट्रिक टूथब्रश घ्यायचाय? आधी हेड बघा, मग हँडल

(टेबलावर तीन ब्रश: गोल हेडचा, लांबट हेडचा आणि सेलवर चालणारा)

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक टूथब्रशच्या खोक्यावर मिनिटाला किती हजार वेळा हलतो, हा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असतो. त्यावरून दोन ब्रश ताडू नका, कारण दोघांची हालचालच वेगळी आहे.

(गोल हेड कॅमेऱ्याजवळ) हा ओरल-बीच्या पद्धतीचा. याचं हेड पूर्ण गोल फिरत नाही, जागच्या जागी थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं जातं. (लांबट हेड) आणि हा सॉनिक, फिलिप्स सॉनिकेअरसारखा. याचे केस मिनिटाला ३१,००० वेळा थरथरतात, पण अगदी बारीक अंतरात. आकडा मोठा म्हणून दात जास्त स्वच्छ, असं नाही.

मग फरक पडतो का? पडतो. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात ५६ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. साध्या ब्रशच्या तुलनेत तीन महिन्यांनंतर दातांवरचा थर २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी आढळली. त्यात सर्वाधिक पुरावा गोल हेडच्या ब्रशचा होता. तरी सॉनिक हातात बरा वाटत असेल तर बिनधास्त घ्या. रोज वापरला जाईल तोच ब्रश कामाचा.

हा तिसरा, पेन्सिल सेलवरचा. स्वस्त आहे, प्रवासाला ठीक. पण सेल उतरत जातो तसा वेग हळूहळू घटतो आणि ते आपल्या लक्षातच येत नाही. रोजच्या वापरासाठी मी हा सुचवणार नाही.

आता मुख्य गोष्ट. हँडल एकदा घ्यायचं, हेड मात्र दर तीन महिन्यांनी बदलायचं. घरात चार माणसं असतील तर वर्षाला १६ हेड झाली! म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडला दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: याची हेड सुटी मिळतात का, आणि केवढ्याला? खोक्यात एकच हेड आणि बाहेर कुठंच मिळत नाही, तर तो ब्रश तीन महिन्यांचा सोबती. नकली हेडचीही काळजी घ्या. ती दांड्यावर सैल बसतात, खडखड आवाज येतो, आणि केसांची टोकं गोल घासलेली नसतील तर हिरड्या सोलवटतात. केस मऊच हवेत.

सोयींपैकी दोनच बघा: दोन मिनिटांचा टायमर, जो दर ३० सेकंदांनी इशारा देतो, आणि दाब जास्त झाला की सांगणारा सेन्सर. पाच-सहा मोड आणि मोबाईल ॲपसाठी जादा पैसे घालू नका.

चार्जिंगचं एक सांगतो. अमेरिकेतून पाहुण्यांनी ब्रश आणला असेल तर चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. नुसतं ११० किंवा १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नका, जळेल.

(ब्रश हातात घेऊन) वापरताना बहुतेकांची गडबड इथंच होते. हा ब्रश घासायचा नसतो, नुसता टेकवायचा. हिरडी आणि दात जिथं भेटतात तिथं सॉनिक ४५ अंशात तिरका धरा आणि हळू पुढं सरकवा. गोल हेड एकेका दातावर ठेवा: बाहेरून, आतून, वरून. तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला ३० सेकंद, म्हणजे दाताला साधारण चार सेकंद. जोर किती? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ब्रश दाबून बघा, दीडशे ग्रॅम पुरे. जोरानं दाबलं की केस वाकतात, हालचाल अडते आणि हिरडी मागं सरकते. पेस्ट वाटाण्याएवढी. ब्रश दाताला टेकवा आणि मगच बटण दाबा, नाहीतर आरसाभर शिंतोडे.

नव्या सॉनिकेअरचा जोर सुरुवातीला कमी वाटला तर तो बिघाड समजू नका. काही मॉडेल पहिल्या १४ वापरांत मुद्दाम जोर हळूहळू वाढवतात, हिरड्यांना सवय व्हावी म्हणून.

मिसळीच्या कटानं पांढरे केस पिवळे झाले तर हेड टाकू नका, तो हळदीचा रंग आहे. केस बाहेर वाकले की मात्र तीन महिन्यांची वाट बघू नका. मिश्रीचे काळे डाग कुठल्याच ब्रशनं जात नाहीत, ते दंतवैद्याकडं साफ करून घ्या. दातांच्या फटींतही हा ब्रश पोचत नाही, तिथं फ्लॉस किंवा फटींचा बारीक ब्रश लागतोच.

देखभाल सोपी आहे. ब्रश केल्यावर हेड काढा, दांडा आणि हेडचं भोक दोन्ही धुवा, उभं ठेवून वाळू द्या. तसंच बसवून ठेवलं की आत पेस्ट साचते, काळी घाण धरते आणि थरथर मंदावते. बोअरचं पाणी असेल तर दांड्याभोवती पांढरा क्षारही धरतो. तो ओल्या फडक्यानं आठवड्यातून एकदा पुसून काढा, सुरीनं खरवडू नका, कारण खालचं रबरी सील फाटलं की पाणी थेट मोटरपर्यंत जातं.